विहिरीपलीकडचा दगड

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. दुपारी डोळा लागता लागता अजून ती टेप दिसते — पिवळी, जास्वंदीच्या कुंपणातून सळसळत जाणारी.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. सर्वणला आमचं घर नवं होतं, नळही नवा. संडास बांधायचा होता. नियम साधा — शोषखड्डा विहिरीपासून पंधरा मीटर लांब हवा. विहीर शेजारच्या पार्वतीकाकीची. मागच्या परसात खड्डा घ्यावा तर अंतर तीन पावलं कमी पडत होतं. पुढच्या अंगणात जागा होती, भरपूर होती. पण दारात संडासाचा खड्डा? तुळशीसमोर? येणारे-जाणारे काय म्हणतील?

बघा, एवढंच होतं. अडचण नव्हती, नुसता तोरा होता. आणि मी कोण, तर प्राथमिक शाळेत मुलांना ‘पाणी गाळून, उकळून प्या’ शिकवणारी बाई!

अंतर मोजायला पंचायतीचे साहेब आले. ते खड्ड्याच्या खुणेपाशी उभे राहिले आणि टेपचं टोक माझ्या हाती दिलं. मध्ये कुंपण, त्यांना विहीर दिसत नव्हती. मी विहिरीच्या काठाशी पोचले... आणि थांबले नाही. पलीकडे काकीचा कपडे धुवायचा दगड होता, त्यावर साबणाचं पाणी चकाकत होतं. टोक मी त्या दगडावर टेकवलं.

“पावलें?” पोचलं का, असं साहेबांनी विचारलं.

“पावलें,” मी म्हटलं.

सावल्या हलत होत्या, विहिरीत आभाळ होतं. सगळं इतकं शांत होतं, की खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

आमची जमीन चिऱ्याची, पाण्याला वाट देणारी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काकीच्या विहिरीला वास येऊ लागला. तिचं पोट महिनाभर बिघडलं. अंगानं निम्मी झाली ती. मला कळलं नव्हतं? पहिल्या दिवशीच कळलं होतं.

पण काकीनं कारण आधीच शोधून ठेवलं होतं. विहीर राखणारा देव, राखणदार, त्याला ती दरवर्षी रोट ठेवायची, जाड भाकरीचा नैवेद्य. त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी ती सुर्ल्याला गेली आणि रोट राहून गेला.

“म्हजेंच चुकलें गो बाय,” ती माझा हात धरून म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं — नाही का? मी काय केलं? तिला नारळ सोलून दिला. तिनं तो काठावर फोडला, गालात मारून घेतलं, रडली. मी बाजूला हात जोडून उभी.

पुढं ती आमच्या नळावर पाणी भरू लागली. कळशी कमरेवर घेताना दर सकाळी म्हणायची, “देव बरें करूं तुजें.” दर सकाळी! आणि मी मान हलवायची. स्वतःची इतकी किळस मला दुसऱ्या कशानं आली नाही.

मरेपर्यंत ती तेच धरून बसली, की आपल्या हातून राखणदार दुखावला. जाताना सुनेला बजावून गेली, रोट चुकवू नकोस.

सून चुकवत नाही. विहिरीवर आता फरशी टाकली आहे, तिच्यावर ती रोट ठेवते. घरात मोठं माणूस उरलं नाही, म्हणून गाऱ्हाणं घालायला मला बोलावते. मी जाते. फरशीशी उभी राहते. उजवीकडे तो दगड आहे, शेवाळलेला. डावीकडे कुंपणापलीकडे आमचा खड्डा, जिथल्या तिथे.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हणते, “ह्या घराकडल्यान कितेंय चूक जाल्या जाल्यार पोटांत घाल.”

आणि हात काकीच्या घराकडे करते. यंदाही तिकडेच केला.