गोठ्याचा कॅमेरा

माझ्या धाकट्या भावाचा मला हेवा वाटतो, हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. इथं करून टाकतो. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि मी मेहकरात बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले. कुणाचंही कॉम्प्युटरचं काम अडलं की लोक माझ्याकडे येतात. आईचं अडलं की ती पुण्याला फोन लावते.

देवघराशेजारच्या कोनाड्यात आमचा घरचा सर्व्हर आहे. म्हणजे माझ्याच दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि त्यात एक नवी मोठी डिस्क. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप तिथं जाऊन पडतात आणि आईला ते टीव्हीवर पाहता येतात. कॉम्प्युटर माझा, डिस्क मी आणलेली, वायर मी ओढलेली, धूळही मीच झटकतो. धाकट्यानं एका दिवाळीत दोन तास बसून त्यात काय ते भरलं, एवढंच. पण आई आल्यागेल्याला सांगते, "हे आमच्या धाकट्यानं करून देल्लं." मी तिथंच उभा असतो.

जेवण झालं की आई टीव्हीसमोर बसून पुण्याची नात पाहते. नात पोहते, नात नाचते, नात आंबा खाऊन तोंड बरबटवते. माझी दोन्ही पोरं दिवसभर तिच्या पायात घुटमळत असतात, त्यांना टीव्हीवर कशाला पाहायचं, हे मला कळतं. तरी झोंबतं.

एका दुपारी टीव्हीवर नात आलीच नाही. नुसतं चाक गरगर फिरत राहिलं.

"धाकट्याले फोन लाव न," आई म्हणाली.

"काऊन? मी मेलो काय?"

"तसं नाही बापा. त्याले माहीत असते त्यातलं."

झालं. त्या दिवशी जेवणानंतर मी दुकान पुन्हा उघडलंच नाही. पुण्याला फोन न लावता हे सुरू करून दाखवायचं आणि आईच्या तोंडून एकदा ऐकायचं की थोरल्यालाही येतं, एवढंच मला हवं होतं. वय चाळिशीच्या पुढे गेलं तरी माणसाला असलं काहीबाही हवं असतं.

सर्व्हरला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडली. डिस्क शंभर टक्के भरलेली. मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून तो कुणालाच आत घेत नव्हता. मला खरं तर बरंच वाटलं. हे पुण्याच्या व्हिडिओंचं काम, दुसरं काय? धाकट्याचा फोन महागाचा, त्याचे व्हिडिओही तसेच गलेलठ्ठ. त्याच्या फोल्डरमध्ये शिरलो. पोरीच्या एकाच उडीचे अकरा व्हिडिओ होते. दहा उडवले. मग हात सैल सुटला. नाच उडवला, आंबा उडवला. आईला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं: धाकट्याच्या पसाऱ्यानं बंद पडलं होतं, मी साफ केलं.

पुन्हा पाहिलं तर डिस्क शंभर टक्केच. उडवलेलं सगळं सर्व्हरच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसलं होतं आणि तिथंही तेवढीच जागा अडवत होतं. दुकानात मी हेच लोकांना रोज समजावून सांगतो. रागाच्या भरात माझ्याच ध्यानात आलं नाही.

मग जे आधी करायचं ते केलं, कोणत्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते पाहिलं. धाकट्याचं फोल्डर चिमूटभर होतं. अख्खी डिस्क 'गोठा' नावाच्या फोल्डरनं गिळली होती, आणि ते फोल्डर माझं होतं.

घरामागच्या गोठ्यात कुत्री शिरायला लागली, वासराला चावली, तेव्हा मी तिथं कॅमेरा बसवला होता. काही हललं तरच रेकॉर्डिंग करून सर्व्हरवर टाकायचं, असं त्याला सांगून ठेवलं होतं. धाकट्यानं मागितलं म्हणून त्यालाही मोबाइलवर पाहायची सोय करून दिली. वर्षातून दोनदा पाहील, असं वाटलं होतं.

मधलीच एक फाइल उघडली. कॅमेऱ्याच्या तोंडासमोर लिंबू आणि मिरच्या झोके घेत होत्या. दुसरी उघडली, तिसरी उघडली. तेच. मागे म्हैस निवांत रवंथ करतेय आणि पुढे लिंबू झुलतंय. वाऱ्यानं दोरा हलायचा, काहीतरी हललं म्हणून कॅमेरा इमानदारीनं टिपत बसायचा.

"आई, कॅमेऱ्याले लिंबू-मिरची कोनं बांधली?"

"मीनं. दर शनिवारी नवी. धाकटा पाह्यते, पुण्याची सून पाह्यते, तिच्या मैत्रिणीही पाह्यतात. नजर लागून दूध आटलं म्हंजे?"

मला हसू आलं. पण धाकटा पाहतो, म्हणजे नेमकं काय पाहतो? म्हणून धारेच्या वेळेची एक फाइल उघडली. आई बादली घेऊन आली, कानाला मोबाइल. कॅमेऱ्याखाली थांबली, वर पाहिलं आणि हसली. आवाज येत नव्हता. बादलीत किती दूध आहे ते तिनं वर धरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वासराला ओढत समोर आणलं. एका दिवशी नव्या लुगड्याचा पदर पसरून दाखवला. रोज. एक दिवस चुकलेला नाही. मी त्याच वेळी आत चहा पीत असायचो.

एका सकाळी तिनं बोट वर केलं. त्याला चिंधी गुंडाळलेली होती. नंतरचे चारपाच दिवस ती आधी बोटच दाखवायची. त्या दिवसांत ती चमच्यानं भात खात होती, हे मला आठवलं. मी तिच्यासमोरच जेवत होतो आणि विचारलं नव्हतं.

ते फोल्डर एका फटक्यात उडवलं की डिस्क मोकळी होणार होती. मला ते उडवायचं होतं, आणि जागेसाठी नव्हे. खोटं कशाला बोलू? जळून कोळसा झालो होतो. पण आई त्यात होती. तासभर बसून धारेच्या वेळेच्या फाइली बाजूला काढल्या, बाकीचा लिंबूसंप्रदाय कायमचा उडवला. कचऱ्यातून नात परत आणली. संध्याकाळी टीव्ही सुरू झाला.

"धाकट्यानं केलं काय?" आईनं विचारलं.

"मीनं केलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सुरू झाल्याचं कळवायला पुण्याला फोन लावला.

जेवताना मी विचारलं, "आई, तुह्या बोटाले काय झालं होतं?"

"विळा लागला होता. कवाचंच बरं झालं ते. तुले कोनं सांगतलं, धाकट्यानं?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा सोडून गोठ्यात गेलो. लिंबू-मिरची कॅमेऱ्यासमोरून काढली आणि म्हशीच्या दावणीवर बांधली. मग उगाच तिथंच रेंगाळलो, वासराची पाठ खाजवली. आई बादली घेऊन आली. म्हटलं, आज आपल्याशी बोलेल. तिनं मोबाइल कानाला लावला, वर पाहिलं आणि मोकळ्या हातानं मला खांद्याला धरून हलकेच सरकवलं.

"जरा बाजूले हो न बापा," ती म्हणाली, "मी त्याले दिसून नाही राह्यली."

मी बाजूला झालो.