सहभागी क्रमांक एकोणीस

"हॅलो... जेवली का गं?... हं. आन अंगावर घेऊन झोपत जा, थंडी लई हाय. घेती ना?... हं. बरं, ठिवते मंग. ठिवू का?"

नगरच्या एका कॉलेजच्या सभागृहात हा आवाज दोन मोठ्या स्पीकरमधून आला आणि लोक हसले. खदाखदा नाही. शिकलेली माणसं हसतात तसं, तोंडापुढे हात धरून.

चर्चासत्र होतं. ग्रामीण स्त्रिया आणि समाजमाध्यमं. व्यासपीठावर आमच्या प्रकल्पाच्या मॅडम होत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाल्या, "हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज आहे. समोर कोणीही नाही. पण या बाईंना वाटतंय, आपण फोनवरच बोलतोय. प्रश्न विचारतात, थांबतात, उत्तर ऐकल्यासारखं 'हं' म्हणतात. किती गोड आहे ना?"

मागे पडद्यावर अक्षरं आली. सहभागी क्रमांक एकोणीस. वय पन्नासच्या पुढे. शिक्षण चौथी. डिजिटल समज : कमी.

तो तक्ता मी टाईप केला होता. 'कमी' हा शब्द माझा. आणि तिसऱ्या रांगेत बसून, सगळे हसले तेव्हा, मीही हसले होते.

तो आवाज माझ्या आईचा होता.

आई आमच्या शाळेत मावशी होती. अजून आहे. तालुक्याच्या गावातली इंग्रजी माध्यमाची शाळा. ती वर्ग झाडायची, संडास धुवायची, म्हणून माझी फी माफ होती. शाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे. मीही म्हणायचे. कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच माझं मला कळलं.

पाचवीत एकदा मला वर्गातच उलटी झाली. टीचरनी मावशीला बोलावलं. आई माती घेऊन आली, खाली बसली, पुसायला लागली. टीचरना माहीत होतं ही कोण आणि मी कोण. तरी म्हणाल्या, "से सॉरी टू मावशी."

मी म्हणाले, "सॉरी, मावशी."

आईनं वर पाहिलं. "असू दे बाळा," म्हणाली. दुसऱ्यांच्या मुलांना म्हणायची तसंच. माझं खोटं तिनं जागच्या जागी झाकलं आणि बादली उचलून निघून गेली. घरी त्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

मला प्रकल्पावर घेतलं ते माझ्या इंग्रजीमुळे. काम असं होतं. ज्या बायकांना लिहिता येत नाही, त्या मोबाईलवर आवाज पाठवतात. चौतीसजणींचे तसे आवाज गोळा करायचे, उतरवून काढायचे, इंग्रजीत करायचे. मी काष्टीच्या बाजारात फिरले, वस्त्यांवर गेले. मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. पण बोलावं लागलंच नाही. बायका मला बघून म्हणायच्या, "तू शाळेतल्या मावशीची पोर ना? ये, बस." जे नातं मी शाळाभर लपवलं, त्याच नात्यानं प्रत्येक दार उघडलं. मी संमतीचा फॉर्म वाचायला लागले की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं. तुझ्या आईला इचारलंय आमी. कुठं आंगठा करू?"

फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं. आवाज कुठेही वाजवला जाणार नाही. फक्त मजकूर वापरला जाईल. मी तिथपर्यंत त्यांना कधी वाचून दाखवलंच नाही.

एकोणिसाव्या बाईनं ऐनवेळी नको म्हटलं. यादीत जागा रिकामी राहिली. माझ्या फोनमध्ये आईचे आवाज होते, मी हॉस्टेलला असतानाचे. एक उचलला आणि घातला. तिला विचारलं नाही. तक्त्यात लिहिलं, 'तोंडी संमती'.

चहाच्या सुट्टीत रांगेत माझ्यापुढे दोन प्राध्यापक होते. एकानं कप उचलला आणि दुसऱ्याला म्हणाला, "ठिवते मंग. ठिवू का?" दुसऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला, इतका तो हसला.

मी कप न घेताच रांगेतून बाहेर झाले.

तेवढ्यात मॅडम आल्या. खूश होत्या. "एकोणीस नंबर लोकांना फार आवडलाय. ती क्लिप वेबसाईटवर टाकू या."

"मॅडम, आवाज वाजवणार नाही असं फॉर्मवर आहे."

"अगं, नाव कुठे सांगितलंय आपण? नुसत्या आवाजावरून कोण ओळखणार?"

"मी ओळखला. ती माझी आई आहे."

त्यांनी माझा दंड धरला. "अय्या! आधी नाही का सांगायचं? मग शेवटच्या सत्रात तूच दोन मिनिटं बोल. तिचीच मुलगी आज संशोधक. लोकांना फार भिडेल!"

त्या वाईट नव्हत्या. हेच जास्त लागलं. आईवर हसून झालं होतं. आता तिच्यावर डोळे पुसायचे होते. आणि दोन्हींना माल पुरवणारी मीच.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी बोलणार नाही. आणि ती क्लिप पुन्हा वाजवायची नाही."

"शोधनिबंधावर तुझंही नाव आहे. नीट विचार कर."

"काढा नाव."

मी पिशवी उचलली आणि निघाले.

दौंडच्या एसटीनं घरी आले. आई ओट्यावर घेवडा मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. न विचारता तिचा आवाज दिला ते, 'कमी' लिहिलं ते, चहाच्या रांगेतलं. तिचे हात चालूच होते.

"मला कळतंय की, तिकडं कोन नसतंय त्ये," ती म्हणाली. "तू फोन उचलीत न्हाई. उचलला तर मैत्रिनी बसल्याल्या असत्यात, म्हनून हं हं करती आन ठिवती. मंग मीच थांबते मधी. तेवढ्यात तू बोलली, असं धरते."

तिनं आणखी एक शेंग मोडली.

"आन तू बी हासली का?"

"हो."

या वेळी ती 'हं' म्हणाली नाही.

मग तिनं विचारलं, "बाकीच्या बायांचं बी लावलं का तिथं?"

"तिघींचं."

"त्या मला इचारून व्हय म्हनल्या हुत्या." तिनं ताट उचललं आणि आत गेली. मी माफी मागितली नाही. 'सॉरी' हा शब्द मी तिला एकदा दिला होता, मावशी म्हणून. तो पुन्हा द्यायची लाज वाटली.

एकोणीस नंबरचा फॉर्म अजून कोरा आहे. तो मी तिला आज शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवणार आहे. ती नको म्हणाली तर तिचा आवाज प्रकल्पातून जाईल, मॅडमकडच्या कॉपीसकट. तसं पत्र मी लिहून ठेवलंय.

उद्या काष्टीचा बाजार. बाकीच्या तेहेतीसजणींतल्या निम्म्या तिथे भेटतील. उरलेल्यांच्या वस्त्या मला पाठ आहेत. प्रत्येकीला फॉर्म वाचून दाखवणार. "ऱ्हाऊ दे गं" म्हणाली तरी थांबणार नाही. जिला आवाज परत हवा, तिच्या नावानं पत्र जाईल. कुणी मला दारातूनच हाकलेल. हाकलू दे.

पण फॉर्मच्या आधी एक वाक्य सांगायचं आहे, प्रत्येक दारात, मावशीची पोर म्हणून, तिच्या डोळ्यांत बघून.

तुम्हा बायकांच्या आवाजाला लोक हसले. मीही हसले.