ताईनं दिलेल्या दुपारी

सेलूच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा दिवसभर गिऱ्हाईक, आठवड्यातून दोनदा वर्ध्याहून माल आणणं आणि घरी दोन लहान मुली, यांतून वेळ कुठून काढायचा तेच कळत नव्हतं. दोन महिन्यांत नऊ पानं झाली. त्यातली चार मी फाडली.

वेळ काढून दिला तो माझ्या थोरल्या बहिणीनं. लग्नानंतर दीड वर्षातच ताई सासर सोडून आली होती, ती कायमची. मी तेव्हा शाळेत होतो. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. एक दिवस माझा डबा घेऊन ती दुकानात आली. मी गल्ल्यावर वही ठेवून वाकलो होतो.

"काय लिहून राह्यला?"

"कादंबरी."

तिनं डबा गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाली, "मंग मांगच्या खोलीत बस ना. दोन घंटे मी पाहीन दुकान."

त्या दिवसापासून एक ते तीन मी मागच्या खोलीत, बांगड्यांच्या खोक्यांमध्ये बसू लागलो. मध्ये फक्त एक पडदा होता. कादंबरी कशावर आहे हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती तिच्यावरच होती.

उन्हाळ्यात नेमकी दुपारीच वीज जायची. हाताच्या घामानं शाई पसरायची. पडद्यापलीकडून बायकांचा गलका यायचा, म्हणून मी कानांत कापूस घालून बसायचो. कित्येक दुपारी एक ओळही होत नसे. ताईला बाहेर बसवून आपण आत नुसतेच बसलोय याची लाज वाटायची. मग जुनंच पान पुन्हा उतरवून काढायचो, म्हणजे तिनं डोकावलं तर हात चालताना दिसावा. तीन वाजले की ती विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "झालं थोडंसं." अशी सात वर्षं गेली. पानं दोनशे ऐंशी झाली आणि ती चांगली आहेत की वाईट, हे मला अजिबात कळेनासं झालं.

एका दिवाळीच्या तोंडावर मी मालासाठी वर्ध्याला गेलो होतो. परत आलो तर ताई मागच्या खोलीत स्टुलावर बसलेली. खोली झाडताना वह्या तिच्या हाती लागल्या होत्या.

"ही बाई मीच आहे ना रे?"

मी होकारार्थी मान हलवली. आता ती चिडेल, रडेल, असं वाटलं.

"सासूचं खरं लिहिलं. विहिरीजवळचंही खरं. म्या तं कोणाले सांगतलं नव्हतं." ते मी नुसत्या अंदाजानं लिहिलं होतं. तिनं वही मिटली. "पण ही बाई एकडावही हासत नाई. काऊन?"

मी तिच्या हातून वही घेतली.

"मी एवढी रडकी आहे का? हासू दे ना तिले कुठंतरी."

"लिहितो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच गल्ल्यावर येऊन बसली आणि मी आत. हसणारी ताई आठवून पाहिली. चुलीपुढची आठवली, आईशी अबोला धरलेली आठवली, दाराच्या चौकटीला टेकून रस्ता बघणारी आठवली. हसणारी आठवेना. कापूस काढून एखादी दुपार तिच्याशेजारी गल्ल्यावर बसलो असतो तर कदाचित दिसली असती. पण मला वाटायचं, ती दुपार वाया जाईल. आधी शेवटचं प्रकरण होऊ दे, मग बसू.

पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. तिथूनच गेली.

नंतर बायको म्हणाली, "दुपारी मी बसत जाईन. तुम्ही लिहा." वर्षभर ती बसली आणि मी आत बसलो. एक शब्द झाला नाही. शेवटी मीच तिला घरी पाठवलं आणि गल्ल्यावर येऊन बसलो.

एकदा जवळच्या खेड्यातली एक म्हातारी बांगड्या भरायला आली. मी तिचा हात दाबून बांगडी सरकवत होतो. ती कळवळली. "तुमाले नाई जमत, भाऊ. तुमच्या ताईचा हात हलका होता. ती असं काही सांगे, हासता हासता बांगड्या कधी चढल्या समजतच नोव्हतं."

माझा हात थांबला. "काय सांगायची?"

म्हातारीला आठवून हसू फुटलं. मग माझ्याकडे पाहून तिनं तोंडाला पदर लावला. "ते तुमाले कसं सांगू? बायकायचं असते ते."

आणखी तिघी-चौघींना मी विचारलं. सगळ्या हसल्या. सांगितलं कुणीच नाही.

कादंबरी दोनशे ऐंशी पानांवर थांबली ती थांबलीच. ओळखीचे लोक अजून विचारतात, दुकानापायी वेळ मिळत नसेल ना? मी हो म्हणतो.