शेवाळ भिजवलेलं पाणी

मी काही लेखक नव्हे. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे हे लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार, असं सारखं वाटत राहतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण ते तपकिरी पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आम्ही कोपरीचे कोळी. नव्वदीच्या सुरुवातीला मी ठाण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. आईच्या गळ्याला गाठ आली होती. तिच्या माहेरी, समुद्रकाठच्या गावात, त्यावर खडकावरचं शेवाळ देत; आईनेही ते सुरू केलं होतं. कुणी कुणी ते कालवणातही घालत. प्रोजेक्टसाठी मी तेच घेतलं.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, "समुद्री शेवाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतोच, घाबरू नकोस. बहुतेक साखरेला बांधलेला असतो, तो फारसा बाधत नाही. सुटा असला तर मात्र विष. किती आहे यापेक्षा कसा आहे, ते बघायचं."

मीठ निघावं म्हणून आम्ही शेवाळ रात्रभर भिजवलं, पाणी ओतून दिलं आणि उरलेलं मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे दोन्ही प्रकार वेगळे मोजायचं यंत्र होतं. निकाल आला: सुटा सोमल जेमतेम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगायला गेलो, तर ती ओट्याशी उभी. रात्री भिजवलेलं शेवाळ पिळून केरात टाकलेलं, आणि ते पाणी पेल्यात. आम्ही जे ओतून दिलं होतं, तेच ती रोज पीत होती.

"आये, थांब ना थोडे दिवस. पाणी तपासून आणतो."

"गाठ उतरतेय माजी, दिसत नाय तुला? तुजे सरांकडं हाय का असा औषद?"

"त्यात विष असंल गो."

"बापानं तुला शिकवला तो आयशीला भिववाला?" ती हसली आणि पेला रिकामा केला.

बाटलीभर पाणी सरांकडे दिलं. मग नुसती वाट बघणं. सकाळी तिचे घोट ऐकू यायचे. सोमल अंगात भिनला की तळहातावर घट्टे उठतात; ते कुठे दिसतात का, म्हणून मी तिचा हात धरायचो. "भविष्य सांगतस काय रं?" म्हणत ती तो सोडवून घ्यायची.

एका रविवारी सर स्वतः दारात उभे राहिले. ते कधीच आमच्याकडे आले नव्हते. आईने लगबगीने खुर्ची पुसली, चहाचं आधण ठेवलं. सर बसलेच नाहीत. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत हळूच मला म्हणाले, "सोमल पाण्यात उतरलाय रे. सुटाच आहे, जवळजवळ सगळा."