खोबरेलाची बढती

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडून पळालेल्या समस्त मालवणी मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या पुण्याच्या घरी खोबरेल तेलाला न्हाणीघरातल्या फळीवरून जेवणाच्या टेबलावर बढती मिळाली आहे. कृपया टाळ्या वाजवू नयेत. हे तेल तिथवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यावरचे केस संपले.

मी निघालो तो आमच्या कट्टा गावच्या स्टँडवरून. अंगात नवा पांढरा शर्ट. गाडी सुटायच्या बेतात, आणि आईने पिशवीतून बाटली काढून चांगलं तळहातभर तेल माझ्या टाळूवर थापलं. "डोक्या थंड ठेव." तेल कानामागून थेट कॉलरीत. तळलेल्या बांगड्यासारखा चमकत मी पुण्यात उतरलो. तीच बाटली तिने माझ्या बॅगेत कोंबली होती, "ह्या जेवणाक" म्हणून.

आमच्याकडे डोक्याचं तेल वेगळं आणि जेवणाचं वेगळं, असा भेद नाही. अंगणात मासेमारीच्या जुन्या जाळ्याखाली खोबरं वाळतं, कट्ट्याच्या घाण्यावर जातं, तेल होऊन घरी येतं. सकाळी पेजेवर त्याची धार. घावणे करताना नारळाच्या सोडणाचा बोळा त्यातच बुडवून बिडाच्या तव्यावर फिरवायचा. दुपारी कुळथाच्या पिठीवर चमचाभर, आणि संध्याकाळी वेणीला.

माझी बायको नलिनी साताऱ्याची, शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली. लग्नानंतर मी पहिल्यांदा गरम भातावर खोबरेल सोडलं, तेव्हा तिने असं पाहिलं, जणू मी वरणात शाम्पू कालवलाय. "अहो, ते केसांचं आहे!" बाटली न्हाणीघरात हद्दपार झाली. पुढची कित्येक वर्षं आई गावाहून तेल पाठवत राहिली आणि मी हातात ताट घेऊन न्हाणीघराच्या वाऱ्या करत राहिलो. पाहुण्यांना वाटे, ह्या माणसाला पोटाचा काही विकार असावा.

आणि आता? आमची कन्या रेवा जिमला जायला लागली आणि एक दिवस काचेची देखणी बरणी घेऊन आली. "बाबा, रोजच्या डाएटमध्ये कोकोनट ऑइल कसं घ्यायचं, माहितीये?" मला विचारते! कॉफीत चमचाभर, ओट्सवर, केळ्याबरोबर मिक्सरमधून... ती सांगत होती आणि नलिनी मान डोलवत होती. मान डोलवत होती! मी भिंतीवर डोकं आपटणार होतो, पण भिंतीला नुकताच रंग दिला होता.

त्याच सुमारास डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आईला आणलं. वडील गेल्यापासून ती गावी एकटी. आता तिला परत पाठवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची, "पोट भरला." गळ्याची हाडं दिसायला लागली. रेवाने बरणीतला चमचा पुढे केला. "आजी, रिकाम्या पोटी नुसतं गिळायचं."

"गो, माका काय दिव्याची वात समजतंस?" आईने बरणी हुंगली. "आणि ह्येका वास खंय आसा?"

मी वैतागून उठलो. न्हाणीघरातली बाटली आणली आणि सुका बांगडा गॅसवर भाजायला घेतला. नलिनी खिडक्या उघडत धावली. "अहो, सोसायटीवाले येतील!"

"येऊ देत. पानं मांड त्यांची."

बांगडा कुस्करला, त्यात कांदा, कोकमाचं आगळ आणि वर कच्चं खोबरेल. आईने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नलिनीने बोटाने चाखलं. जेवण झाल्यावर ती बाटली तिने स्वतः टेबलावर ठेवली, मिठाशेजारी.

मी जिंकलो होतो. आई आता राहणार! पुढे आठवडाभर तिने पोटभर जेवून घेतलं, आणि मग बोटं चाटत म्हणाली, "माका आता भूक लागता. म्हंजे मी बरी झालंय. घराक धाड माका."

मी चिडलो. इथे काय कमी आहे, सून आहे, नात आहे, लिफ्ट आहे! तिने बाटली उजेडात धरली. तळाशी थोडं तेल उरलं होतं. "मी हय रवलंय तर थय खोबरा कोण वाळत घालतलो? मगे तू काय खातलंस?"

 इतकी वर्षं मी समजत होतो, घर मागे टाकून आलो. ते तर बाटलीत भरून माझ्यामागून येत होतं आणि मी ते भातावर ओतून संपवत होतो. ते पुन्हा भरायचं तर भरणारीने तिथेच असायला हवं. वैताग येईल नाही तर काय?

न्यायला चुलतभाऊ आला. स्वारगेटला गाडीच्या पायरीवर चढल्यावर आईला काहीतरी आठवलं. पिशवीतून परत भरायला घेतलेली तीच बाटली काढली, तळाचं सगळं तेल तळहातावर घेतलं आणि भर गर्दीत माझ्या टकलावर थापलं. तेल कानामागून थेट कॉलरीत.

"आई, केस खंय आसत आता?" मी किंचाळलो.

गाडी हलली. दारातल्या दांड्याला धरून ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "केस गेले तर जाव देत रे, टाळू तरी आसा मां!"