एसेनकुल मास्तरांची हलकी शिदोरी

आमचे शेजारी एसेनकुल मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, पण लोकांना रांगेत उभं करायची हौस काही गेली नाही. काराकोल शहरातल्या डॉक्टरणीने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की चरबी जरा कमी खा. दुसऱ्या कोणी ते स्वतःपुरतं ठेवलं असतं. मास्तरांनी सगळ्या गावाची चरबी कमी करायला घेतली.

कोणाच्या मरणानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेले, की गेलेला माणूस नेमकं काय खाऊन गेला ते त्याच्याच मुलाला समजावून सांगायचे. लोक घास तोंडात धरून ऐकायचे. मास्तर म्हणून निभावलं, दुसरा कोणी असता तर चांगला बदडला असता.

घरात तर त्यांचंच राज्य. त्यांची बायको उल्जान ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम रोटीवर ठेवून ती खायला बसली, की तिला हाक मारण्यात अर्थ नसायचा, ऐकूच यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी घरातून चरबी हद्दपार केली आणि तेव्हापासून उल्जान उकडलेलं गाजर आणि पाण्यात कालवलेलं जवाचं पीठ खात होती. तक्रार नाही, काही नाही. तिचे गाल बसले तरी मास्तर म्हणायचे, "बघा, कशी तरतरीत दिसते." मला त्यांचे कान उपटावेसे वाटायचे.

उन्हाळ्यात आम्ही वर कुरणांवर तंबू टाकून राहायला जातो, तेव्हा कढई, चहाचा समोवार, अर्धी मेंढी असा संसार घोड्यावर लादून नेतो. मास्तरांची मात्र एक पिशवी. तिच्यात ताल्कान, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, कुरुत, म्हणजे दह्याचे आंबट वाळके गोळे, जर्दाळू आणि अक्रोड. "चूल नको, भांडी घासायला नकोत," मास्तर सांगायचे. "मूठभर पीठ, वाटीभर पाणी, झालं जेवण. पिशवी हलकी, पोट हलकं, डोकं हलकं." त्यातलं डोकं सगळ्यात आधी हलकं झालं असावं. तसं बघितलं तर ते खोटं बोलत नव्हते. आमचे आजे-पणजे हेच पीठ घेऊन डोंगर पालथे घालायचे. फक्त ते खाली उतरल्यावर मेंढी कापायचे, व्याख्यान देत नव्हते.

अशात त्यांच्या मुलीचं, मिरगुलचं, लग्न ठरायची वेळ आली. मुलगा कोचकोर गावचा, तिने स्वतःच पसंत केलेला, आणि त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाचं नाव ती ऐकून घेत नव्हती. आता आमच्यात कानात डूल घातले म्हणून सोयरीक होत नाही. दोन्हीकडच्या व्याह्यांनी एकमेकांना शेपटीची चरबी आणि काळीज आपल्या हाताने भरवायचं, मग ती झाली. तोवर कोणीही उठून जाऊ शकतो आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.

हा घास घरी झाला असता तर काकू-मावश्यांनी चार कढया चढवल्या असत्या. म्हणून मास्तरांनी तो वर, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी ठरवला. "पाहुण्यांना शुद्ध हवा मिळेल, अंघोळ होईल, जेवण हलकं होईल." मुलाचे वडील तोलोबाय भला माणूस. त्यांनी निरोप धाडला, की वर मेंढी कापण्याची यातायात नको, काळीज आम्ही शिजवून आणतो, शेपटी तेवढी तुमची. मास्तरांनी हो म्हटलं. मी स्वतः ऐकलं.

आम्ही तंबू ठोकले. तोलोबाय आणि त्यांची बायको रापिया घोड्यांवरून आले, झऱ्यात मनसोक्त डुंबले आणि लाल होऊन, भुकेने वखवखून बाहेर आले. मास्तरांनी जेवणाचा दस्तरखान पसरला. ताल्कान, कुरुत, जर्दाळू, उकडलेली गाजरं.

"सुरुवात छान आहे," रापिया म्हणाली आणि पुढच्याची वाट बघत बसली.

पुढचं काही आलंच नाही. आलं ते मास्तरांचं भाषण, रक्तवाहिन्यांवरचं. रापियाने सगळं गाजर संपवलं, भाषण संपेना. शेवटी तोलोबायने काळजाचं फडकं सोडलं, सुरी पुसली आणि म्हणाला, "मास्तर, हे मागाहून ऐकू. आधी शेपटी काढा."

मास्तरांनी अक्रोडांची वाटी पुढे सरकवली. "यातही चरबीच असते, व्याही. आणि चांगल्या जातीची."

तोलोबायने वाटीत बघितलं, मग मास्तरांकडे. "मी मुलाची सोयरीक करायला आलोय. खारीची नाही."

"रीत काय, माणसांनीच पाडलेली," मास्तर म्हणाले. "कोणीतरी सुरुवात करायला हवी."

"दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात करा," रापिया म्हणाली. तिने काळीज पुन्हा फडक्यात बांधलं. "मुलगी द्यायची नव्हती तर सरळ सांगायचं होतं. एवढ्या लांब बोलावून अक्रोड कशाला दाखवलेत?"

दोघं उठून खोगिरं बांधायला लागले. किटली धरून उभी असलेली मिरगुल पांढरीफटक पडली. खाली गावात जाऊन चरबी आणायची तर अर्धा दिवस जाणार, आणि पाहुणे तेवढे थांबणाऱ्यातले नव्हते.

"बाबा, ते चाललेत," ती म्हणाली. एवढंच. मास्तर जागचे हलेनात. त्यांची मान लाल झाली, कपाळाला घाम फुटला. एकदा स्वतःच्या तंबूकडे बघायचे, एकदा मुलीकडे, आणि पुन्हा जमिनीकडे. मला वाटलं, एवढं जपलेलं हृदय आता बंद पडतंय.

तोलोबायने रिकिबीत पाय घातला तेव्हा मास्तर म्हणाले, "थांबा जरा."

ते तंबूत गेले. बराच वेळ खुडबूड ऐकू आली. बाहेर आले ते एक लोकरी मोजा घेऊन. मोज्यात चहाचा डबा, डब्यात कापडाची पुरचुंडी आणि पुरचुंडीत शेपटीच्या चरबीचा चांगला मुठीएवढा गोळा, उकडलेला, खारवलेला.

"गुडघ्यांना चोळायला ठेवतो," मास्तर किटलीकडे बघत म्हणाले.

रापियाने गोळा नाकाशी धरला. "गुडघ्यांना लसूणही लागतो का?"

गोळ्याच्या एका कडेला दातांच्या खुणा होत्या. तोलोबायने सुरीने तेवढीच बाजू कापून ठेवून दिली आणि बाकीच्याचे पातळ काप केले. माणूस भला, हे मी आधीच सांगितलं.

मग भरवाभरवी झाली. तोलोबायने मास्तरांच्या तोंडात घास घातला, मास्तरांनी त्याच्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, तो घास काही दोन वर्षांनंतर पहिल्यांदा खाल्लेला वाटत नव्हता. रापियाने उल्जानला घास भरवला. उल्जान तो चावत राहिली, पुन्हा पुन्हा, गिळायचं जिवावर आल्यासारखी, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलीच्या सोयरिकीचे अश्रू, असं रापियाला वाटलं असेल. वाटू दे. मी तिचे गाल बघत होते आणि मला मास्तरांची इतकी चीड आली, की मी जर्दाळूचं ताट बाजूला ढकललं.

मिरगुलने सगळ्यांना चहा ओतला. तिचं हसू मावत नव्हतं. तोलोबाय लग्नाचा दिवस काढायच्या गोष्टी बोलायला लागला. मास्तर मान डोलवत होते आणि त्यांचा हात हळूहळू उरलेल्या चरबीकडे निघाला होता.

उल्जानने उरलेले काप डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"अहो, तुम्ही ताल्कान घ्या," ती म्हणाली, अगदी प्रेमाने. "दोन वर्षं मी एकटीच खात होते की ते."

मास्तरांनी वाटी पुढे ओढली. पिठात पाणी घालायचंही त्यांना सुचलं नाही.