टाकीतलं वजन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारच्या काकांच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं इंजिन माझ्यामुळं बंद पडतं.

धाराशिवबाहेरच्या माळावर ते दर रविवारी विमान उडवतात. इंजिनाला अहो-जाहो करतात आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकतात. मध्ये एकदा मदत म्हणून मी विमानाची तेलाची टाकी घरी नेऊन धुतली. आतल्या रबरी नळीच्या टोकाला पितळी वजन असतं. विमान कसंही वळलं तरी त्यामुळं नळीचं तोंड तेलात राहतं. ते बसवायचं मी विसरलो.

पुढच्या रविवारी विमानानं नाक वर केलं आणि इंजिन गप्प झालं.

"मास्तर, नळी टाकीतच हवा ओढतीय," काका लगेच म्हणाले.

"टाकी मी धुतलीय की, काका. चोख आहे."

"तुमी म्हणताव म्हंजे तसंच आसंल."

मग त्यांनी प्लग बदलला, तेल कमी-जास्त करणारी सुई फिरवली, इंजिनाची माफीही मागितली. वजन मला मोरीत सापडलं. मी ते खिशात घातलं.

गेल्या रविवारी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"आता तुमीच ऐका. आमचा कान लई म्हातारा झाला."

मी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं.

त्यांचा कान पहिल्या दिवसापासून बरोबर होता, एवढं एक वाक्य मी काकांचं देणं लागतो.